सीएसआर प्रस्तावाचे अंदाजपत्रक: कामापासून रकमेकडे

ग्रामीण भागात काम करणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेशी कंपनीच्या सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागातील कोणी पहिल्यांदा बोलते, तेव्हा बहुतेक वेळा सुरुवातीलाच प्रश्न येतो, की या कामाला साधारण किती रक्कम लागेल. समोर आलेली संधी निसटू नये या काळजीने संस्थेचे लोक दहा लाख, पंधरा लाख असा एखादा गोल आकडा सांगून टाकतात आणि पुढचे आठ दिवस त्या आकड्यात खर्च बसवण्यात घालवतात. जेवणाचा दर थोडा खाली, मानधन थोडे खाली, प्रवास निम्मा, आणि शेवटी जुळवाजुळव करण्यासाठी ‘इतर खर्च’ अशी एक ओळ. असे केलेले अंदाजपत्रक कागदावर जुळते. मात्र त्यात जे कमी पडले, ते पुढे संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या खिशातून किंवा मुलांच्या ताटातून वसूल होते. म्हणून या लेखात उलटा मार्ग मांडला आहे: आधी काम, मग त्या कामाला लागणारी माणसे, दिवस आणि वस्तू, आणि सर्वांत शेवटी रक्कम.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक प्रकल्प शेवटपर्यंत धरून ठेवू. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. काही मुले आईवडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. समजा, एका नोंदणीकृत न्यासाला पाच गावांतील अशा मागे राहिलेल्या १५० मुलांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि रात्रीचे जेवण चालवायचे आहे. पुढील सर्व दर उदाहरणासाठी घेतले आहेत; आपल्या गावचे दर आपणच काढावे लागतील.

लिहायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे त्याच गावात शासनाचे हंगामी वसतिगृह चालू आहे का, कारण तसे असेल तर त्याच मुलांसाठी दुसऱ्यांदा पैसे कशासाठी, हा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्तच असेल. दुसरी गोष्ट पात्रतेची. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचे काम घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कंपनीने स्वतः न स्थापलेल्या संस्थेकडे आयकर कायद्याखालची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता (१९६१ च्या कायद्यातील १२अ आणि ८०जी) ही दोन्ही प्रमाणपत्रे आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा लागतो. यांपैकी काही अपुरे असेल, तर अंदाजपत्रकावर रात्री जागवण्याआधी ते पूर्ण करावे.

पैसा कोठून येतो आणि त्याला कोणत्या अटी चिकटलेल्या असतात

देणाऱ्याचे नियम ठाऊक नसतील, तर उत्तम अंदाजपत्रकही अडकते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेल्या कामांवर खर्च करावी लागते. या रकमेचा हिशेब कंपनी ३१ मार्च या तारखेशी बांधलेला ठेवते, आणि इथेच आपल्या प्रकल्पाची पहिली अडचण उभी राहते, कारण ऊसतोडीचा हंगाम ३१ मार्चला संपत नाही.

संस्थेच्या खात्यात रक्कम जमा झाली म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असा समज दोन्ही बाजूंना आढळतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या खुलाशानुसार तो बरोबर नाही. संस्थेने ती रक्कम प्रत्यक्ष वापरल्यावरच ती खर्ची पडली असे धरले जाते. प्रकल्प कंपनीच्या संचालक मंडळाने ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एकाहून अधिक आर्थिक वर्षांत चालणारा प्रकल्प, म्हणून मंजूर केलेला असेल, तर वर्षअखेरीस उरलेली रक्कम ३० दिवसांच्या आत वेगळ्या ‘अखर्चित सीएसआर खात्यात’ ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. तसे नसेल, तर उरलेली रक्कम सहा महिन्यांच्या आत सातव्या अनुसूचीतील एखाद्या शासकीय निधीत भरावी लागते, म्हणजेच ती आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही. म्हणून ३१ मार्चनंतर किती खर्च होणार आहे, हे अंदाजपत्रकात वेगळ्या रकान्यात दाखवावे आणि प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्यावा, अशी विनंती प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर करावी.

पाच टक्क्यांच्या नियमाबद्दलचा गैरसमज तर फारच महाग पडतो. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, एवढेच ऐकून अनेक संस्था स्वतःच्या कार्यालयाचा खर्च पाच टक्क्यांत कोंबतात. ती मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे; काम करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च त्या पाच टक्क्यांत धरला जात नाही, असे मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केले आहे. एखादी कंपनी आपल्या अंतर्गत धोरणानुसार कमी मर्यादा घालू शकते, पण ते तिचे धोरण आहे, कायदा नाही, आणि याबद्दल नम्रपणे बोलता येते.

परदेशातून येणाऱ्या पैशाचे गणित निराळे आहे. परदेशी योगदान नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तो पैसा केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. म्हणून अशा प्रस्तावात ‘भागीदार संस्थेला अनुदान’ ही ओळच असू नये. परदेशातील मराठी मंडळांकडून मदत घेणाऱ्या संस्थांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा: भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान ठरत नाही, परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची देणगी मात्र ठरते.

कामाचे दिवसाच्या हिशेबात रूपांतर

आता मूळ कामाकडे वळू. कोऱ्या कागदावर एका गावातील एक संध्याकाळ लिहून काढावी. पाच वाजता खोली कोण उघडते, दिवा कोठून येतो, तीस मुलांचे जेवण कोण शिजवते, भाजी कोठून येते, गॅसची टाकी किती दिवस पुरते, अभ्यास घेणारी ताई त्याच गावची आहे की बाहेरून येते, सुट्टी किती दिवस असते, ती आजारी पडली तर कोण येते. या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात एकेक खर्च दडलेला असतो, आणि हे प्रश्न लेखापालाला नव्हे, तर गावात काम करणाऱ्या ताईंना विचारावे लागतात. मी अशी बैठक घेतल्याशिवाय एकही आकडा संगणकात भरत नाही.

जेवणाचा दर काढताना शालेय पोषण आहाराचा शासकीय दर उचलू नये, कारण तेथे तांदूळ शासनाकडून मिळतो आणि दरात त्याची किंमत नसते. त्याऐवजी तीस मुलांच्या एका दिवसाच्या शिध्याचे प्रत्यक्ष वजन करावे, तालुक्याच्या बाजारातील तीन दुकानांतून दरपत्रके घ्यावीत, तेल आणि डाळीचे भाव हंगामभर तेच राहतील असे न मानता थोडी वाढ धरावी आणि गॅसचा खर्च त्यात मिळवावा. आपल्या उदाहरणात तो दर ताटामागे ३० रुपये आला असे धरू.

आता संख्या. महिन्याला २५ दिवस, सहा महिने, १५० मुले, म्हणजे २२,५०० ताटे. पण रोज सगळी मुले येत नाहीत. कोणी मध्येच आईवडिलांकडे फडावर जाते, कोणी जत्रेला, कोणी आजारी पडते. मागील वर्षांच्या हजेरीपटावरून सरासरी उपस्थिती ८० टक्के दिसत असेल, तर १८,००० ताटांचाच खर्च मागावा. हजेरीपटाचा आधार देऊन कमी मागणाऱ्या संस्थेवर तपासणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि तोच विश्वास पुढे मानधनाच्या ओळीवर चर्चा होते तेव्हा उपयोगी पडतो.

माणसांच्या बाबतीत कालावधी मोजताना हमखास चूक होते. वर्ग सहा महिन्यांचे असले, तरी अभ्यास घेणाऱ्या ताईंचे काम ऑक्टोबरमध्ये, मुलांची यादी करण्यापासून आणि प्रशिक्षणापासून सुरू होते, म्हणून त्यांचे सात महिने धरावे लागतात. समन्वयकाचे कामही ऑक्टोबरमध्येच सुरू होते, पण मे महिन्यात अहवाल देईपर्यंत चालते, म्हणून त्याचे आठ महिने. स्वयंपाकाच्या ताईंचे मात्र सहाच. ज्याचे जितके काम, तितके महिने, आणि प्रत्येकाचे कारण स्पष्टीकरणात एका ओळीत लिहिलेले असावे.

या पद्धतीने बसवलेले अंदाजपत्रक पुढीलप्रमाणे दिसेल.

जेवण: १८,००० ताटे × ३० रु. = ५,४०,००० रु.
स्वयंपाकाच्या ताई: ५ × ५,००० रु. × ६ महिने = १,५०,००० रु.
अभ्यास घेणाऱ्या ताई: ५ × ७,००० रु. × ७ महिने = २,४५,००० रु.
समन्वयक: १ × २२,००० रु. × ८ महिने = १,७६,००० रु.
भविष्य निर्वाह निधीतील संस्थेचा वाटा: ६६,९५० रु.
समन्वयकाचा प्रवास: ७२० किमी × ५ रु. × ८ महिने = २८,८०० रु.
प्रशिक्षण: ५ दिवस × १२ जण × ३५० रु., अधिक दोन प्रशिक्षकांचे मानधन १५,००० रु. = ३६,००० रु.
वह्या, गोष्टींची पुस्तके, शैक्षणिक साहित्य: १५० × ४०० रु. = ६०,००० रु.
भांडी, शेगडी, सौर दिवे: ५ × १४,००० रु. = ७०,००० रु.
लेखापरीक्षण, जीएसटीसह: १७,७०० रु.
प्रत्यक्ष खर्चाची बेरीज: १३,९०,४५० रु.

यांतील काही ओळींबद्दल थोडे थांबून बोलायला हवे.

भविष्य निर्वाह निधीची ओळ अनेक प्रस्तावांत नसते. मीही एकदा ती विसरलो होतो, आणि त्या वर्षी ती रक्कम संस्थेच्या शिल्लक निधीतून भरावी लागली, जो निधी खरे तर पावसाळ्यात गळणाऱ्या कार्यालयाच्या छपरासाठी ठेवला होता. संस्थेत वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर मालकाचा वाटा १२ टक्के, ठेवसंलग्न विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासन शुल्काचा अर्धा टक्का असे एकूण १३ टक्के धरावे लागतात. वेतनाची वैधानिक मर्यादा १५,००० रुपये असल्यामुळे समन्वयकाच्या २२,००० रुपयांवर नव्हे, तर १५,००० रुपयांवर महिना १,९५० रुपये धरले आहेत. अभ्यासाच्या ताईंचे प्रत्येकी ९१० आणि स्वयंपाकाच्या ताईंचे प्रत्येकी ६५० रुपये. पगाराला ‘मानधन’ म्हटल्याने ही जबाबदारी आपोआप टळत नाही. कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असलेल्या ठिकाणी २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर संस्थेचा वाटा ३.२५ टक्के असतो, आणि दीर्घकाळ काम करणाऱ्यांच्या उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) दरवर्षी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के बाजूला ठेवण्याची पद्धत आहे, कारण वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, सव्वीस दिवसांच्या महिन्याने मोजले, तर नेमके तेवढे भरते. हंगामी प्रकल्पातही कायम कर्मचाऱ्याचा वेळ जात असेल, तर हा वाटा मागण्यात संकोच करू नये.

ताईंच्या मानधनाच्या ओळीवर कात्री चालवणे सर्वांत सोपे असते, आणि ती चालवू नये असे मला मनापासून वाटते. रात्री आठपर्यंत तीस मुलांना सांभाळणारी बाई गावातलीच असते, तिचेही घर असते, आणि हंगामाच्या मध्यावर ती सोडून गेली तर वर्ग बंद पडतो. तासांचा हिशेब करून ते मानधन किमान वेतनाच्या दराशी ताडून पाहावे आणि तो हिशेब स्पष्टीकरणात द्यावा. मग तो आकडा संस्थेच्या औदार्याचा राहत नाही, तर नियमाचा होतो.

जीएसटीच्या बाबतीत नियम साधा आहे. संस्थेला भरलेल्या कराचा परतावा घेता येत नसेल, तर तो कर हा खर्चच आहे. दरपत्रकाच्या तळाशी ‘कर वेगळा’ असे लिहिलेले असते, ते वाचायचे राहून गेले तर बहुतेक सेवांमागे अठरा टक्क्यांची तूट येते. लेखापरीक्षणाचे १५,००० रुपये म्हणूनच १७,७०० झाले आहेत. टीडीएसचे मात्र उलट आहे. प्रशिक्षकाच्या मानधनातून कापला जाणारा कर ही त्याच्याच उत्पन्नातील कपात असते, म्हणून अंदाजपत्रकात कपातीपूर्वीची पूर्ण रक्कम एकदाच लिहावी.

भांडी आणि दिवे ही एकदाची खरेदी आहे; ती आवर्ती खर्चात मिसळू नये, नाहीतर दुसऱ्या वर्षी तोच आकडा पुन्हा का, असे विचारले जाते. सीएसआरच्या पैशातून भांडवली मालमत्ता उभी राहिली, तर ती नोंदणी क्रमांक असलेल्या धर्मादाय संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या बचतगटासारख्या समूहाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावी लागते. प्रकल्प संपल्यावर शेगड्या कोणाकडे राहतील, हेही आधीच लिहून ठेवावे.

पाचही गावांत ग्रामपंचायत समाजमंदिराची खोली विनामूल्य देणार असेल, तर तिचे भाडे अंदाजपत्रकात मागायचे नाही, पण लपवायचेही नाही. महिना १,५०० रुपये या स्थानिक दराने सहा महिन्यांचे ४५,००० रुपये होतात. ते ‘लोकसहभाग’ या स्वतंत्र रकान्यात दाखवावेत आणि ग्रामपंचायतीचे पत्र सोबत जोडावे. जी लोकवर्गणी खरोखर जमणार नाही, ती मात्र शोभेसाठी लिहू नये, कारण वर्षाअखेरीस तिचाही हिशेब द्यावा लागतो.

कार्यालयाचा वाटा

संस्थेचे कार्यालय, लेखापाल, वीज, इंटरनेट, धर्मादाय आयुक्तांकडे आणि आयकर विभागाकडे भरायची विवरणे, या साऱ्यांशिवाय गावातील वर्ग चालत नाही, तरी हा खर्च मागताना संस्था चाचरतात. तो टक्केवारी मनाने ठरवून मागू नये, तर मोजून मागावा. समजा, मागील लेखापरीक्षित वर्षात कार्यालयाचा खर्च ६ लाख रुपये आणि सर्व प्रकल्पांचा प्रत्यक्ष खर्च ६० लाख रुपये होता. म्हणजे प्रत्यक्ष खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे कार्यालयाचे दहा रुपये लागतात. त्या प्रमाणात या प्रकल्पाचा वाटा १,३९,०४५ रुपये होतो आणि एकूण मागणी १५,२९,४९५ रुपयांची. हा आकडा मुद्दाम गोल करू नये. गुणाकारातून आलेली रक्कम क्वचितच गोल असते, आणि अनुभवी तपासनीसाला ते माहीत असते.

टक्केवारी कशावर मोजायची, हे आधी विचारून घ्यावे. प्रत्यक्ष खर्चाच्या दहा टक्के म्हणजे एकूण रकमेच्या ९.०९ टक्के. कंपनीने ‘एकूण प्रकल्प खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत’ मान्य केले असेल, तर प्रत्यक्ष खर्चाला ०.९ ने भागावे लागते आणि एकूण १५,४४,९४४ रुपये येते. मात्र मोजणीतून आलेला वाटा कमी असेल, तर तेवढाच मागावा. मर्यादा म्हणजे हक्काची रक्कम नव्हे. लेखापालाचा पगार दोन देणगीदारांकडून पूर्णच्या पूर्ण घेणे हा तर गंभीर दोष आहे आणि लेखापरीक्षणात तो उघड होतोच. म्हणून कोणत्या माणसाचा किती टक्के वेळ कोणत्या प्रकल्पावर, याचा एकच तक्ता संस्थेने ठेवावा आणि त्याची बेरीज शंभरच्या वर जाऊ देऊ नये.

हप्ते आणि महिने

एकूण रक्कम बरोबर असूनही प्रकल्प पैशाअभावी थांबू शकतो, कारण पैसा हप्त्यांनी येतो आणि खर्च महिन्यांनी होतो. म्हणून प्रत्येक ओळ ऑक्टोबर ते मे अशा आठ रकान्यांत पसरून पाहावी. आपल्या प्रकल्पात ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू होण्याआधीच साहित्य, भांडी, पहिले तीन दिवसांचे प्रशिक्षण, मानधन, भविष्य निर्वाह निधी आणि प्रवास मिळून २,१७,२०० रुपये लागतात. नोव्हेंबरपासून दर महिन्याला १,८५,३५० रुपये. म्हणजे डिसेंबरअखेर ५,८७,९०० रुपये खर्च झालेले असतील, आणि यात कार्यालयाचा वाटा धरलेलाच नाही. पहिला हप्ता ४० टक्क्यांचा, म्हणजे ६,११,७९८ रुपयांचा असेल, तर जानेवारीत पाऊल टाकताना हातात २३,८९८ रुपये उरतात. दुसरा हप्ता अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र (आधीची रक्कम ठरल्या कामावरच वापरल्याचा दाखला) आणि कंपनीची तपासणी यांनंतर येतो. त्यात एक-दीड महिना सहज जातो. तोवर किराणा दुकानदार थांबेल, पण त्याच्या थांबण्यावर मुलांचे जेवण अवलंबून ठेवणे योग्य नाही.

हाच तक्ता कंपनीसमोर ठेवून पहिला हप्ता ६० टक्क्यांचा मागितला, तर ९,१७,६९७ रुपयांत फेब्रुवारीचा बराचसा भाग निभावतो आणि अहवालासाठी पुरेसा अवधी मिळतो. आधाराशिवाय केलेली हप्त्याची विनंती घासाघीस वाटते, महिन्यांचा तक्ता जोडला की ती कामाची गरज म्हणून वाचली जाते. याच तक्त्यातून ३१ मार्चनंतरचा आकडाही मिळतो: एप्रिल आणि मे मिळून, लेखापरीक्षणासह, २,३०,६०० रुपये, आणि कार्यालयाचा वाटा धरून २,५३,६६०. चालू प्रकल्प म्हणून मंजुरी मागताना सांगायची रक्कम तीच.

प्रकल्प तीन वर्षांचा असेल, तर पहिल्या वर्षाच्या रकमेला सरसकट तिनाने गुणू नये. वेतनात दरवर्षी आठ टक्के वाढ धरली, तर समन्वयकाचे २२,००० रुपये दुसऱ्या वर्षी २३,७६० आणि तिसऱ्या वर्षी २५,६६१ होतात. भांडी मात्र दुसऱ्या वर्षी येत नाहीत, केवळ दुरुस्ती येते.

स्पष्टीकरणाचे पान आणि कात्री

आकड्यांच्या तक्त्यासोबत प्रत्येक ओळीचे दोन-तीन वाक्यांचे स्पष्टीकरण देणारे वेगळे पान जोडावे. ‘प्रवास २८,८०० रु.’ एवढ्याने काही कळत नाही. ‘समन्वयक महिन्यात १२ फेऱ्या करील, एका फेरीत सरासरी ६० किमी मोटारसायकलचा प्रवास आहे, दर किलोमीटरला ५ रुपये’ एवढे लिहिले, की प्रश्न उरत नाही. ‘इतर’, ‘संकीर्ण’, ‘किरकोळ’ हे शब्द टाळावेत. अनपेक्षित खर्चाची तरतूद हवीच असेल, तर ती कशासाठी हे लिहावे, उदाहरणार्थ ताई आजारी पडल्यास बदली व्यक्तीचे मानधन. प्रस्तावाच्या मजकुरात जे काम लिहिले आहे, त्याचा खर्च तक्त्यात असलाच पाहिजे, आणि तक्त्यातील प्रत्येक खर्चाचे काम मजकुरात. मजकुरात ‘आरोग्य तपासणी’ आणि तक्त्यात डॉक्टर नाही, असा प्रस्ताव वाचणाऱ्याला काम कागदावरचे आहे असेच वाटते.

एका मुलामागे खर्च किती, हा प्रश्न नक्की येणार. पूर्ण रकमेला १५० ने भागले, तर हंगामाला सुमारे १०,२०० रुपये येतात. प्रत्यक्ष उपस्थितीच्या १८,००० दिवसांनी भागले, तर दिवसाला साधारण ८५ रुपये. दोन्ही आकडे सांगावेत आणि भागाकार कशाने केला तेही सांगावे.

यानंतर बहुधा कात्री येते. रक्कम थोडी कमी करा, असे सांगितले जाते, आणि पाचही गावे तशीच ठेवून ताटाचा दर २४ रुपयांवर आणण्याचा मोह होतो. तसे करण्यापेक्षा गावे कमी करण्याचा पर्याय हिशेबासह द्यावा. चार गावे आणि १२० मुले धरून हेच गणित पुन्हा केले, समन्वयक, त्याचा प्रवास आणि लेखापरीक्षण तेवढेच ठेवले, तर एकूण १२,८०,०४८ रुपये येते. मुले वीस टक्क्यांनी कमी झाली, खर्च मात्र सुमारे १६ टक्क्यांनीच घटला आणि एका मुलामागचा खर्च वाढून जवळजवळ १०,६७० रुपये झाला. हे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले, की पाचवे गाव वगळल्याने नेमके किती वाचते आणि तीस मुले बाहेर राहतात, हे देणाऱ्यालाही दिसते. मी पाहिले आहे, की अशा वेळी कधी कधी पाचव्या गावाचे पैसे शोधले जातात.

पाठवण्यापूर्वी तक्ता अशा माणसाला दाखवावा ज्याने हा प्रकल्प पाहिलेला नाही, आणि प्रत्येक ओळीवर ‘हे कसे आले’ असे त्याला विचारू द्यावे. एक्सेलमधील बेरजा सूत्रांनीच केलेल्या असाव्यात, हाताने टाइप केलेल्या नसाव्यात, कारण चर्चेत एक दर बदलला की बाकी सारे आपोआप बदलले पाहिजे. मंजुरीनंतरच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात किती टक्क्यांपर्यंत रक्कम पूर्वपरवानगीशिवाय वळवता येईल, खात्यावरील व्याज कोणाचे, आणि कराराच्या तारखेआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, केलेला खर्च धरला जाईल का. करारावर सही होईपर्यंत दिवाळी येते आणि मुलांच्या याद्या मात्र त्याआधीच कराव्या लागतात, म्हणून हा तिसरा मुद्दा तोंडी आश्वासनावर सोडू नये. मंजूर झालेल्या तक्त्याची मराठीतील एक प्रत समन्वयकाकडे आणि पाचही केंद्रांवरील ताईंकडे द्यावी, जेणेकरून आपल्या केंद्राला महिन्याला शिधा आणि गॅससाठी १८,००० रुपये मंजूर आहेत, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल आणि पावत्या त्या हिशेबाने जमा होतील.